न पळालेल्यांची यादी

ब्रिकर्टनच्या बेसबॉल संघात एक आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या टोकाचा क्षेत्ररक्षक, जास्त झाला होता. सोमवारी कुणीतरी घरी जाणार, आणि कोच रॉस्को थिबोडोच्या मते तो उजवीकडचा डेलबर्ट क्रेन होता.

"लॉनीनं डावीकडून चेंडू फेकून यंदा पळणारे चौदा जण बाद केले. डेलबर्टनं दोन! हात आहे की ओला टॉवेल?"

संघाचे आकडे ठेवणारी मार्नी पिकेट सूर्यफुलाच्या बिया चघळत होती. तिच्या मते डेलबर्टसारखा हात अख्ख्या लीगमध्ये नव्हता. पण कोचला मत चालत नसे, आकडाच लागे.

"कोच, लॉनीसमोर गड्यांना पुढच्या बेसकडे पळायची संधी साठ वेळा आली. बावन्न जण पळाले. चौदा बाद, अडतीस सुखरूप. त्याचा थ्रो बघून पंचालाही पळावंसं वाटतं. डेलबर्टसमोर अठ्ठावन्न संधी, पळाले तीन. दोन बाद. तिसऱ्याला वाटलं, उजवीकडे दुसरंच कुणी उभं आहे."

"आणि बाकीचे पंचावन्न?"

"घाबरून जागच्या जागी."

"म्हणजे जे घडलंच नाही त्याचे मार्क द्यायचे? उद्या मी म्हणेन, माझी तीन लग्नं मोडली, पण चौथं टिकलं, कारण केलंच नाही!"

"तेच तुमचं सर्वांत यशस्वी लग्न आहे, कोच."

कोचनं डेलबर्टचं नाव खोडलं नाही, एवढीच मेहेरबानी.

रविवारी शेवटचा डाव. ब्रिकर्टन एका रननं पुढे, एक बाद, तिसऱ्या बेसवर पाहुण्यांचा सर्वांत चपळ गडी. चेंडू उंच उडाला उजवीकडे. डेलबर्ट मागे धावला, पाय घसरला, आणि तो धपकन गवतावर बसला. चेंडू त्याच्या मांडीवरच्या ग्लोव्हमध्ये येऊन पडला. झेल, दुसरा बाद! आता तिसऱ्या बेसवाल्यानं होमकडे सुटायचं आणि बरोबरीची रन काढायची, हे शेंबडं पोरही जाणतं.

"पळ रे!" पाहुण्यांचा कोच ओरडला. "बसलाय तो!"

"बसलाय, पण हात त्याचाच आहे ना!" गडी बेसला मिठी मारून म्हणाला.

"अरे गधड्या, पँट झटकतोय तो!"

गडी हलला नाही. पुढच्या फलंदाजानं तीनदा हवेत बॅट फिरवली, तिसरा बाद, आणि सामना संपला.

रॉस्को तडक मार्नीकडे आला. "डेलबर्टपुढे काय लिहिलंस?"

"झेल, एक. पळताना बाद केलेले, शून्य."

"शून्य? अगं, डोळे आहेत का तुला? त्यानं सामना वाचवला!"

मार्नीनं पेन्सिल पुढे केली. कोचनं कागदावर एक वाकडा रकाना आखला, वर 'पळाला नाही' असं लिहिलं, आणि डेलबर्टपुढे छप्पन्नचा आकडा मांडला.

"आणि लॉनी?" तिनं विचारलं.

"बॅट चांगली चालते त्याची. पहिल्या बेसवर जागा आहे, तिथून फार लांब फेकावं लागत नाही." मग तो मैदानाकडे वळून ओरडला, "डेलबर्ट! मंगळवारी सरावाला ये. बसायची खुर्ची मिळणार नाही!"