कोंड्यावर दिलेला

"कोंडो वटीत घे, पोर तिच्या हातात दी, आणि आजपासून ह्येका तोंडान आपलो म्हणू नको."

सासूबाईंचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. परेशचं तेव्हा बारसंही झालं नव्हतं. आधीचे दोन मुलगे गेलेले. मोठा चालायला लागला तेव्हा, आणि धाकटा बोलायला लागला तेव्हा. दोघांचं जाणं सारखंच. बारीकसा ताप, संध्याकाळी न जेवता झोपणं, आणि सकाळी हाक मारली तर ओ नाही. तिसऱ्याचं तसं होऊ नये म्हणून सासूबाईंनी जुनी रीत केली. समोरच्या घरातल्या शेवंतीनं माझ्या ओटीत मूठभर भाताचा कोंडा घातला आणि पोर विकत घेतलं. मग "माझ्या झिलाक जरा सांभाळ गो" म्हणत ते माझ्याच मांडीवर परत ठेवलं. मरण पुन्हा माझ्या दारी आलंच, तर त्याला इथं माझं म्हणून कोणी सापडू नये, एवढ्यासाठी. परेश माझ्या घरात वाढला, पण शेवंतीला आई म्हणाला आणि मला काकी.

शेवंतीनं त्या दिवशी माझ्याकडून एक शब्द घेतला होता. "तुका तो परत होयो झालो तर उजेडात, पुढच्या दारान ये. कोंडो माझ्या वटीत घाल आणि माग. मी नाय म्हणूची नाय. पण माका विचारल्याशिवाय तोंड उघडू नको." मी गावदेवी सातेरीची आण घेऊन हो म्हटलं. तेव्हापासून शेवंतीकडे मी मागच्या दारानंच जाते.

तो कोंडा देवघरात पितळेच्या डब्यात असतो. नवं भात गिरणीतून आलं की जुना कोंडा तुळशीच्या मुळात घालायचा आणि नवा भरायचा. माझे नेम बरेच आहेत. तुळशीला पाणी घातल्याशिवाय कुणाशी बोलत नाही, सोमवारी सातेरीचा दिवा लागेपर्यंत तोंडात काही घालत नाही. पण हा डब्याचा नेम मी सगळ्यांत जपलेला आहे. परेश आता बापाएवढा झाला, वास्कोला बंदरात कामाला आहे, त्याला एक मुलगी आहे, गौरवी. डबा उघडायची मला कधी छाती झाली नाही.

डॉक्टर तेजस्विनी आमच्या इब्रामपुरात पहिल्यांदा आल्या त्या काजूच्या मोसमात. मूळच्या डिचोलीच्या, केस पिकलेले, पायात साध्या चपला, हातात बर्फाची पेटी. मुलांच्या डॉक्टर, पण दवाखाना नाही. मुलांचे आजार आईबापांच्या रक्तातून कसे उतरतात ते शोधण्यात त्यांचा सगळा जन्म गेला, असं पंचायतीतली सुविधा सांगत होती. मला काही ते खरं वाटेना. डॉक्टर जिवंत मुलांसाठी येतो. मेलेल्या मुलांची चौकशी करत घरोघर कोण हिंडतं?

टेम्पोवाला सर्वेश तर स्पष्टच म्हणाला, "खाणवाल्यांनी धाडल्यानी असतली. फाल्यां म्हणतले, धूळ-बीळ काय नाय, तुमचा रगतच वायट."

मला ते पटलं. माझे यजमान यशवंत जन्मभर डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवत होते. घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन. पोरांना ती धूळ बाधली, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

शेवंतीची शंका वेगळी होती. "रगत न्हेता तर न्हेव दी. पण बर्फात कित्याक घालता? म्हापशाच्या बाजारात बांगडे इकूक बसतली की काय?"

मी हसले नाही. कारण डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "आदल्या रात्री मुलगा काय जेवला होता?" हाच प्रश्न मी पूर्वी ऐकलेला होता. धाकट्याला शहरातल्या इस्पितळात नेलं, तेव्हा तिथल्या मोठ्या डॉक्टरनं विचारलं होतं, "काय घातलंस पोराच्या पोटात?" आणि दारात पोलीस उभा केला होता. पोर गेलं त्याच सकाळी. तेव्हापासून डॉक्टर लोकांना मी विचारतील तेवढंच सांगते.

"तुम्हाला मुलं किती झाली?"

"दोन. दोन्ही गेली."

शेवंतीला विचारलं तेव्हा तीही म्हणाली, "माका एकच. परेश." ती खोटं बोलली नाही आणि मीही नाही. आमच्याकडे ते असंच आहे. सगळ्या गावाला खरं ठाऊक, आणि कुणी ते तोंडावर आणत नाही. परेशचं लग्न माझ्या भावाच्या मुलीशी, संजनाशी झालं. मामाची मुलगी करायची आमच्यात चाल आहे. पण मागणी घालायला गेली ती शेवंती. माझा भाऊसुद्धा तिलाच विहीणबाई म्हणतो.

"संजना तुमच्याकडे राहते?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"भाची आत्याकडे राहिली तर काय बिघडलं?"

त्यांनी माझं रक्त घेतलं, भावाचं घेतलं, संजनाचंही घेतलं. संजना मोप्याला विमानतळावर कामाला जाते. तिला बस चुकायची घाई, हात पुढं करून ती निघून गेली. परेशनं फोनवरूनच नाही म्हणून टाकलं. "काकी, माझ्या पोरीक सुई लावची नाय. आणि मीय दिवचंय नाय. त्यांका काय सिद्ध करूचा आसा ता खाणीवर जावन करूंदी."

मी सुटकेचा श्वास टाकला.

आज श्रावणातला सोमवार. डॉक्टर पुन्हा आल्या. मी बसायला कदेल पुढं केली तर त्या खाली सारवलेल्या जमिनीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "वत्सलाबाई, तुमच्या धाकट्याला आणलं तेव्हा त्या इस्पितळात मी शिकाऊ डॉक्टर होते. तुम्ही हिरवं लुगडं नेसला होता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं माझं लुगडं हिनं लक्षात ठेवलं, ते कशासाठी?

"त्याच्या बोटातून मी रक्ताचे ठिपके कागदावर घेतले होते. साहेब म्हणाले, फेकून दे. मी ठेवले. पुढं शिकायला गेले तिथं नेले, परदेशात नेले, परत आणले. तेव्हा त्यातलं वाचायची सोयच नव्हती. सोय झाल्यावर वाचले."

"कुणाला विचारलं होतं?" मी विचारलं. माझा आवाज मुळातच लहान आहे. त्यांना ऐकू गेलं की नाही कळेना.

"नाही," त्या खाली बघत म्हणाल्या. "विचारायला हवं होतं."

मी इथं तुळशीपाशी त्याच्या नावानं पाणी सोडत होते आणि माझं पोर हिच्या पेटीतून मुलूख फिरत होतं.

"त्याच्या पोटात कुणी काही घातलं नव्हतं, वत्सलाबाई. पोटात काहीच नव्हतं, म्हणून तो गेला. आपण उपाशी राहिलो की अंगातली चरबी जळते आणि शरीर चालू राहतं. त्याच्या शरीराला ते येतच नव्हतं. ताप होता, रात्रभर उपाशी, रक्तातली साखर संपली. हा दोष आईकडूनही यावा लागतो आणि बापाकडूनही. एकाच बाजूनं आला तर काही होत नाही. तुमच्या अंगात तो एका बाजूनं आहे. तुम्ही जन्मभर उपास करताय, काही झालं?"

"औषध काय त्याला?"

"वेळेवर खायला घालायचं. ताप आला, उलटी झाली तर साखरपाणी. पोटात ठरलं नाही तर ताबडतोब सलाईन. आणि उपाशी कधी ठेवायचं नाही. बस."

"एवढ्यासाठी जन्म घालवलात?"

त्या हसल्या. "माझी आईसुद्धा हेच म्हणायची. लग्नाचं वय गेलं तेव्हा जरा मोठ्यानं म्हणायची."

मला हसू आलं नाही. इतकं साधं उत्तर घेऊन कोणी माझ्या दारापर्यंत येईल, ह्यावर माझा विश्वास बसेना. मोठ्या गोष्टीला साध्या गोष्टीत गुंडाळून आणणारी माणसं मी पाहिली आहेत.

टोपलीत सुकवून ठेवलेल्या काजूच्या बिया आणि चिंचोके त्यांनी मागून घेतले आणि जमिनीवर आमची घरं मांडली. पुरुषाला काजूची बी, बाईला चिंचोका. माझ्याखाली दोन बिया, त्या उताण्या करून ठेवलेल्या. शेजारी माझा भाऊ, त्याच्याखाली संजना. थोडं अंतर सोडून शेवंती, आणि तिच्याखाली परेशची बी.

"संजनाच्या अंगातही हा दोष आहे, तुमच्या भावाकडून आलेला. पण तिचा नवरा शेवंतीबाईंचा मुलगा. त्या घरात असं कधी घडलं नाही. म्हणून गौरवीची मला फार काळजी नाही." त्यांनी परेश आणि संजना जवळ सरकवून त्यांच्याखाली एक बारीक चिंचोका ठेवला. "त्याची आई तुम्ही असता तर मी ह्या पोरीला आजच पेडण्याला इस्पितळात नेलं असतं."

मी पदर सावरला. त्यांची नजर भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवर गेली, तिथून माझ्यावर आली, पुन्हा फोटोवर गेली.

"ह्याच्या भुवया तुमच्यासारख्या आहेत."

"शेजारी राहून माणसं एकमेकांसारखी दिसू लागतात."

"असं मी कुठं वाचलेलं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मला सगळं सांगितलंत ना, वत्सलाबाई?"

"विचारलंत तेवढं सांगितलं."

त्या उठल्या. संध्याकाळपर्यंत शाळेत बसणार, बाकीच्या घरांतली माणसं तिथं येणार, म्हणाल्या. जाताना बिया उचलल्या नाहीत. विसरल्या की मुद्दाम ठेवल्या, कोण जाणे.

मी त्या बियांकडे बघत बसले. परेशची ती एक बी उचलून माझ्याखाली ठेवायला किती वेळ लागला असता? मग त्यांना परत बोलवायचं आणि नुसतं बोट दाखवायचं. तोंडानं म्हणू नको, अशी आज्ञा. हातानं सरकवू नको असं कुणी म्हटलेलं नाही. माझा हात पुढं गेलासुद्धा. पण देवीपुढं असली चलाखी मी कधी केली नाही, आणि केली असती तरी तिला कळली नसती काय? शिवाय ही बाई त्या बीसाठीच जाळं टाकून बसली असली तर? परेशचं रक्त मिळावं म्हणून गौरवीचं भय घालत असली तर? आणि ती खरी असली, मी तोंड उघडलं, आणि परेशला बंदरात काही झालं तर? क्रेनखाली उभं राहायचं काम त्याचं.

गौरवीचा आवाज बराच वेळ आला नव्हता.

सकाळी मी दूध पुढं केलं तेव्हा ती म्हणाली होती, "माझोय उपास. दिवो लागल्यार जेवतलंय." मी कौतुकानं तिचा पापा घेतला होता. काल तिचं अंग थोडं गरम होतं, रात्रीही दोनच घास खाल्ले होते. एवढीशी पोर माझं बघून नेम धरते, म्हणून मी शेवंतीला सांगूनही आले होते.

ती उघड्या जनेलाखाली चटईवर झोपली होती. "गौरवी." ओ नाही. "बाये, ऊठ गो." तळहात गार, कपाळावर चिकट घाम. हा घाम माझ्या हाताला ओळखीचा होता. दोनदा मी तो ह्याच हातानं पुसला होता.

मी गूळ पाण्यात कुस्करला. ओलं बोट तिच्या ओठांत लावलं, मग पुन्हा, मग चमच्यानं. पहिलं पाणी गालावरून ओघळलं. दुसरं गिळलं. किती वेळ मी तशी बसले होते मला सांगता येणार नाही, सातेरीचं नावसुद्धा आठवत नव्हतं. मग तिनं डोळे उघडले.

"आजी, दिवो लागलो?"

"नाय गो. पण तुझो उपास सुटलो."

सकाळच्या पेजेत साखर घालून तिला भरवली. वाटी संपली तशी ती बडबडू लागली, मीठ का नाही म्हणून रुसली. तिचं रुसणं मी डोळे भरून पाहिलं.

डॉक्टरीण खाणवाल्यांची आहे की आणखी कुणाची, मला अजूनही ठाऊक नाही. माझ्या पोराचे ठिपके न विचारता नेले, ते मी विसरणार नाही. पण गुळाच्या पाण्यानं पोर उठली. तेवढं माझ्या डोळ्यांदेखत झालं. आणि परेशला मी कोंड्याच्या मुठीवर जितकं जपलं, तितकंच त्या मुठीनं ह्या पोरीला उघड्यावर टाकलं होतं. शाळेत जाऊन जे सांगायचं ते सांगेन. पण आधी शेवंतीला विचारायचं, असा शब्द आहे.

देवघरातला डबा उतरवला. सातेरीला हात जोडून एवढंच म्हटलं, काय घ्यायचं असेल ते माझं घे. कोंडा पदरात घेऊन गाठ मारली. गौरवीला कडेवर घेतलं, तिच्या मुठीत गुळाचा खडा दिला.

"खंय वचूया, आजी?"

"शेवंतीकडे. मग शाळेत."

"मागल्या दारान?"

"नाय. आज पुढच्या."

शेवंती समोर ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. ऊन अजून अंगणात होतं. मी दार ओढून घेतलं, पदराची गाठ एकदा चाचपली, आणि तिच्या अंगणाच्या पायऱ्यांकडे निघाले. तिनं वर पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.