लिंबू-चमच्याचं बक्षीस

ही गोष्ट २००७ सालची. चिखलोलीत तेव्हा इमारती नव्यानेच उठत होत्या. गॅलरीत उभं राहिलं की अंबरनाथकडे सिमेंट आणि बदलापूरकडे भाताची खाचरं दिसायची. संध्याकाळी खाचरांवरून वारा यायचा. तसा वारा आता तिथे येत नाही.

त्यातल्याच एका इमारतीत किर्ती आणि महेश हे नवं जोडपं राहायला आलं. दोघंही आनंदनगरला कामाला. तो कारखान्यात पाळीवर, ती दुसऱ्या कारखान्याच्या ऑफिसात. जिन्याच्या तोंडाशी बिल्डरने अपंगांच्या गाडीसाठी पिवळा चौकोन आखून त्यात चाकांची खुर्ची रंगवली होती, फ्लॅट विकताना दाखवायला. इमारतीत अपंग कोणीच नव्हतं, त्यामुळे तिथे मुलं क्रिकेट खेळत. चेअरमन शंकररावांना गाठून महेशने ती जागा किर्तीच्या स्कूटीसाठी मागून घेतली.

"काय होतंय सूनबाईंना?"

"नसांचा त्रास आहे, काका."

त्याने एवढंच सांगितलं. नवं लग्न, लोक त्याला काय काय जोडतील, याची त्याला धास्ती होती.

त्रास असा, की मनाने हुकूम सोडावा आणि स्नायूंना तो पोचूच नये. सकाळी, झोप झालेली असताना, किर्ती चारचौघींसारखी असायची. दिवस चढेल तशी ती उतरत जायची. संध्याकाळी पापण्या खाली यायच्या, बोलणं नाकातून यायचं, मान धरवत नसे. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "गिळता येईनासं झालं की घरी बसायचं नाही. त्यानंतर श्वासाचा नंबर असतो."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर बायकांची लिंबू-चमचा शर्यत होती. शेजारच्या नीलिमाने ओढलं म्हणून किर्ती धावली आणि दुसरी आली. स्टीलचा डबा मिळाला. शंकरराव जोरजोरात टाळ्या वाजवत होते, ते मध्येच थांबले.

मग जिन्यात बोलणं सुरू झालं.

"सकाळी शर्यत, संध्याकाळी हँडिकॅप!"

"आमच्या बाइकखाली पण रंगवा की एक खुर्ची."

किर्तीला ऐकू यायचं. पण सकाळी घाई, आणि संध्याकाळी समजावून सांगायला जीभच साथ देत नसे.

मार्चअखेर आली. ऑफिसात कामाचा ढीग, त्यात उकाडा, आणि उकाड्यात हा आजार आणखी खवळतो. एका संध्याकाळी गोळी घेऊनही पापण्या वर होईनात. रस्ता दुहेरी दिसत होता म्हणून एक डोळा मिटून ती कशीबशी गेटातून आत आली. पाहते तर पिवळ्या चौकोनापुढे दोन लोखंडी खांब, मध्ये साखळी आणि भलंमोठं कुलूप.

"मागे लावा, टाकीजवळ," शंकरराव खुर्चीतूनच म्हणाले. "कमिटीचा निर्णय आहे. धावता येतं, तर चालायला काय हरकत?"

तिने स्कूटी मागे लावली आणि भिंतीला धरून निघाली. वाटेत तिने थुंकी गिळायला घेतली. ती खाली गेलीच नाही, तोंडातच राहिली.

डॉक्टरांनी बजावलेलं ते हेच. महेश दुसऱ्या पाळीला. फोन पर्समध्ये, पर्स खांद्यावर, आणि हात खांद्यापर्यंत उचलवत नव्हता. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती बसली कसली, कोसळलीच.

"काका..." म्हणायला गेली, तर नाकातून नुसता घोगरा सूर निघाला.

"पिऊन आलीय की काय?" वरच्या गॅलरीतून कोणीतरी हसलं.

"नाटक आहे हो. साखळी लावली ना, म्हणून."

नीलिमा मात्र धावत पाणी घेऊन आली. "ऊन लागलंय हिला. घे गं, पी."

तो ग्लास जवळ येताना पाहून किर्तीला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. घसा बंद होता. पाणी जाणार ते श्वासाच्या वाटेने. ओठ मिटेनात म्हणून तिने मान फिरवली.

"बघा, माज तर बघा! हनुवटी धर, पाज तिला," शंकरराव बसल्या जागेवरून म्हणाले.

नीलिमाने मायेने हनुवटी धरली आणि पाणी ओतलं. किर्तीला ठसका लागला, पण खोकण्याइतकाही जोर नव्हता. पाणी नाकातून आलं. आवाज लांब जाऊ लागले. सगळे माझ्याभोवती उभे आहेत आणि मी यांच्यादेखत गुदमरणार, एवढंच तिला कळत होतं.

तिने कोपर भिंतीला टेकवलं, हात सरकवत सरकवत चेहऱ्याशी नेला, बोटाने पापणी वर उचलली आणि त्या एका डोळ्याने शंकररावांकडे पाहिलं.

"अहो, उठा!" त्यांची बायको जनाबाई ओरडल्या. "पोर बोटाने डोळा उघडतेय. याला नाटक म्हणता?"

"अगं, पण कमिटी..."

"चुलीत घाला तुमची कमिटी! गाडी काढा आधी."

गाडीत तिला आडवी निजवली, तर श्वास पुरताच अडला. तिने जनाबाईंचा पदर ओढला. "बसव म्हणतेस? बसवते हं," म्हणत जनाबाईंनी तिला उठवून छातीशी टेकवली. उल्हासनगर येईपर्यंत शंकररावांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. किर्तीला प्रत्येक श्वास आठवणीने घ्यावा लागत होता. एखादा विसरला तर?

हॉस्पिटलात श्वासाची नळी घातल्यावर डॉक्टर बाहेर येऊन कडाडले, "हिला पाणी कोणी पाजलं?"

शंकररावांनी मान खाली घातली. "मी," ते म्हणाले.

किर्ती वाचली. पुढे तिच्या छातीतली, या आजाराला खतपाणी घालणारी गाठ काढली आणि हळूहळू उतार पडला. आता ती बदलापूरला असते. बक्षिसाच्या त्या डब्यात तिच्या गोळ्या असतात. महेशने पाळीची नोकरी सोडून दिवसाची धरली. नीलिमा कोणालाही पाणी देण्याआधी विचारते, "गिळता येतंय ना?" शंकररावांनी दुसऱ्याच दिवशी साखळी काढली. माफी कधी मागितली नाही. पण रोज संध्याकाळी त्या पिवळ्या चौकोनात खुर्ची टाकून बसत, आणि स्कूटी आली की खुर्ची उचलून निघून जात. चार वर्षांनी ते गेले.

जनाबाई अंबरनाथला, शिवमंदिराजवळ लेकीकडे असतात. दिवस मावळला की त्यांचा किर्तीला फोन येतो.

"बोल काहीतरी," त्या म्हणतात.

किर्ती भाजीचं, दुधाचं काहीबाही सांगते. आवाज नाकातून येत नाही ना, तेवढं त्या कान देऊन ऐकतात, आणि फोन ठेवून देतात.