ती तीन मिनिटं मी मुका होतो

मी एक जुना अलार्म आहे, मित्रांनो, गाडीतला. कुणी काच ठोकली, दार ओढलं, नुसती टायरला लाथ घातली तरी मी असा बोंबलायचो की गल्लीतली झोपलेली बाळं उठून बसायची. लोक मला शिव्या घालायचे. घालेनात का! ओरडण्यासाठीच तर मला घडवलंय.

माझी मालकीण नर्स. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही. चढ-उताराच्या वस्तीत घरोघरी जाऊन ती जखमा बांधायची, इंजेक्शनं द्यायची. गाडी डिझेलची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनाला जोर देणारा पंखा. चढ चढून तो लालबुंद तापतो आणि इंजिन लगेच बंद केलं तर खराब होतो. त्यामुळे प्रत्येक दारात ताई तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून बसून राहायची. आत पेशंट कण्हतोय आणि ही बाहेर घड्याळ बघतेय!

तिच्या बाबांची हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली. लेकीची तगमग त्यांना बघवेना. त्यांनी टर्बो टायमर बसवला. किल्ली काढा, दार लावा, खुशाल जा. तीन मिनिटांनी इंजिन आपोआप बंद. पण गाडीला कुलूप आणि इंजिन धडधडतंय म्हटल्यावर मला वाटलं, चोर! मी जीव खाऊन ओरडलो. आत छातीचा त्रास असलेल्या आजोबांची पाचावर धारण बसली.

मग बाबांनी एक पिवळी वायर जोडली. टायमर चालू असेपर्यंत मी मुका. "बघ, कसा गप्प बसलाय!" बाबा खुशीत म्हणाले. मला ते मुळीच पटलं नव्हतं, पण मला विचारतो कोण?

पूर्वी उतारावर ताई गाडी गिअरमध्ये टाकून जायची. आता इंजिन चालू ठेवायचं म्हणजे गाडी न्यूट्रलमध्येच हवी, सगळा भार हँडब्रेकवर. आणि हँडब्रेकची तार सैल झालीय, हे बाबांना माहीत होतं. "बघू रविवारी" म्हणत त्यांनी तीन रविवार घालवले होते.

त्या दुपारी ताई चढावर गाडी लावून मागच्या बाजूला गेली आणि एका घराच्या फाटकाची कडी काढायला वाकली. गाडी हलली. वीतभर, मग हातभर. मला सगळं कळत होतं हो! पण तोंड बांधलेलं. तिची पाठ गाडीकडे होती, इंजिनाच्या आवाजात चाकांची चाहूल लागली नाही. ती किंचाळली तेव्हा तिचा पाय बंपर आणि फाटकाच्या मध्ये सापडला होता. मग तीन मिनिटं पुरी झाली, इंजिन थांबलं आणि माझं तोंड सुटलं. काय उपयोग?

पाय दोन ठिकाणी मोडला. ताई दारातल्या खुर्चीत बसून रोज तेच म्हणायची, "हँडब्रेक मीच नीट ओढला नसणार. मागे एखादं पोर असतं तर? मी नाही आता गाडीला हात लावणार." तिनं नोकरी सोडायचा अर्ज लिहायला घेतला. बाबा समोर बसून ऐकायचे आणि हूं की चूं करायचे नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला. मी मुका होतो तो वायरीमुळे. यांचं तोंड कुणी बांधलं होतं?

अर्ज लिहून झाला त्या सकाळी बाबा पक्कड घेऊन गाडीपाशी आले. "बाळ," ते म्हणाले, "तू ब्रेक चांगला ओढला होतास. तारच सैल होती. मला ठाऊक होतं. आणि याला गप्प बसवलं तेही मीच."

ताईनं अर्जावरून मान वर केली. "आणि इतके दिवस मला तसं बोलू दिलंत, बाबा?"

बाबांनी पिवळी वायर तोडली, दार लावलं आणि बॉनेटवर मूठ आपटली. मी ओरडलो. जन्मात ओरडलो नव्हतो असा ओरडलो. शेजारी खिडक्यांतून हाका मारू लागले, "अहो, बंद करा ते!" मला बंद करायचा रिमोट ताईच्या मांडीवर होता. तिनं त्याला हात लावला नाही. अर्ज मात्र टराटरा फाडला.

मित्रांनो, माझा आवाज कानाला बोचतो, कबूल. गप्प करायचं तर करा, पण आधी वाकून ब्रेकची तार तेवढी बघा. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगून टाका. ताईचा पाय तीन महिन्यांत सांधला. ती पुन्हा गाडी चालवते. बाबांशी मात्र अजून तुटक बोलते.