झडपेची सही

अणुसंमीलनाच्या यंत्राच्या पोटात सूर्याला लाजवेल असा तापलेला वायू, चुंबकांनी आवळून धरलेला. धरलेला म्हणजे काय, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. त्या वायूत भोवरे उठतात आणि भोवऱ्यांचा धंदा एकच: आतली उष्णता उचलायची आणि भिंतीवर नेऊन ओतायची. फुटक्या रांजणात पाणी भरत बसा.

पण तापवणी एका हद्दीपलीकडे गेली की कडेचे थर कमीजास्त वेगाने एकमेकांशेजारून पळतात, भोवरे फाटतात आणि कडेला बोटभर जाडीचा बांध उभा राहतो. उष्णता आत अडते. खूण सोपी. कडेचा लाल उजेड एकदम मंदावतो आणि मग आत वायू दाटत जातो.

पाच वर्षांत हा बांध एकदाही उभा राहिला नव्हता. प्रयोगशाळेच्या साहेबांच्या भाषणात तेवढा दर महिन्याला राहायचा.

उजेड मोजणाऱ्या खिडक्यांच्या काचा सांभाळणारा तो काच्या. शाळा अर्धवट, बाकीचं जुनी कागदपत्रं वाचून शिकलेला. त्याला कायम करायचं की नारळ द्यायचा हे शुक्रवारी ठरणार होतं, आणि ठरवणार साहेबच. सोमवारी सकाळी डबा हातात देताना ताई म्हणाली होती, "चार दिवस तोंडाला कुलूप घाल. कायम झालास की मग हो हरिश्चंद्र."

त्याच दिवशी या फेरीतल्या अठराव्या शॉटला, म्हणजे पेटवणीला, पडद्यावरची उजेडाची रेघ धाडकन निम्म्यावर आली.

"बसला! बांध बसला!" साहेब खुर्चीवरून उडालेच. टाळ्या. फोन.

आकडे वाचणाऱ्या मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "साहेब, घनता जागची हललेली नाही."

"हलेल हो. जरा सवड द्या तिला."

"साहेब, शॉट संपला."

"तुम्हाला ना, कुणाचं चांगलं बघवत नाही!"

काच्याला आपली झडप आठवली. भिंतींना आतून लेप देताना खिडकीची काच खराब होऊ नये म्हणून तिच्यापुढे पत्र्याची झडप पाडतात. झडप आत, तिचा दांडा बाहेर. दांडा वर धरणारी स्प्रिंग सैल झाली, तेव्हा काच्याने चिकटपट्टी लावली होती. तात्पुरती. त्या तात्पुरतीला चार महिने झाले होते.

यंत्राच्या खोलीचं दार उघडायची परवानगी मिळाल्याबरोबर तो आत पळाला. चिकटपट्टी सुटलेली, दांडा अर्ध्यावर लोंबतोय, म्हणजे आत झडप अर्ध्या काचेवर. चुंबकांच्या हादऱ्याने दुसरं काय होणार?

एका बोटाचं काम होतं. दांडा वर सरकवला की झालं, ना कुणी बघितलं, ना कुणी ऐकलं. शुक्रवार सुखाचा. त्याने बोट लावलंही. मग आठवल्या मॅडम. नसलेला बांध त्या वर्षभर शोधत बसतील, आकड्यांशी डोकं फोडत. त्याने बोट काढलं आणि दारातूनच हाक मारली.

"मॅडम, साहेब, जरा इकडे या. तुमचा बांध इथे लोंबतोय."

साहेबांनी दांड्याकडे बघितलं. मग काच्याकडे. "किती जणांना फोन केलेत मी, कल्पना आहे?"

"सहा, साहेब."

"सात!"

मॅडम भिंतीकडे तोंड करून खोकल्या. फार वेळ खोकल्या.

दांडा तारेने करकचून बांधला. एकोणिसावा शॉट. उजेड ढिम्म हलला नाही. साहेबांनी सातही जणांना फोन करून सांगितलं की निष्कर्षांची अधिक सखोल तपासणी सुरू आहे.

शुक्रवारी काच्याने बोलावण्याआधीच आपला पाना, फडकी, डबा सगळं पिशवीत भरून ठेवलं होतं.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. कायम.

"हसू नकोस," ते म्हणाले. "उद्यापासून दर शॉटआधी झडप उघडी आहे असं लिहून सही करायची. पुढच्या वेळी फजिती झाली तर कुणाचं नाव घ्यायचं, ते कागदावर असलेलं बरं. आणि कंत्राटी माणसाची सही चालत नाही."

त्याने बाहेर येऊन ताईला फोन लावला.

"गप्प बसलास ना?"

"नाही."

"अरे देवा. हाकललं?"

"कायम केलं."

"ते कसं काय?"

"बोललो म्हणून. आता माझ्या नावाने शिव्या देता येतील त्यांना."

ताईला काही कळलं नाही, पण ती हसली.

दुसऱ्या दिवशी विसावा शॉट. काच्याने दांडा बघितला, तार ओढून बघितली, लिहिलं: उघडी. सही ठोकली. उजेड जिथल्या तिथे. बांधाचा पत्ता नव्हता, पण झडप उघडी असल्याचा कागद तीन प्रतींत होता.