दर्यापुरातली क्रमवारी

वर्षातले सर्वांत उदास अल्बम कोणते, याचा निकाल आम्ही तिघे दर्यापूरच्या बसस्थानकाबाहेरच्या हॉटेलात लावतो. अकोल्याच्या विपुलला आणि अमरावतीच्या आम्हा दोघांना ते गाव जवळजवळ सारखेच लांब पडते. विपुलच्या घरी फुलांचा धंदा आहे; पौर्णिमा औषधांच्या दुकानात काम करते. मी मूळचा चांदूर बाजारचा. गाडगेनगरात खोली घेऊन राहतो आणि बियाण्यांच्या एका कंपनीत दिवसभर संगणकावर आकडे भरतो. संथ गिटारच्या, स्वतःशीच बोलणाऱ्या त्या इंग्रजी गाण्यांवर जीव जडलेली माणसे आमच्या मुलखात आणखीही असतील. मला ही दोनच सापडली.

विपुलचा एक नियम आहे. फोनवर फक्त क्रमांक पाठवायचे. अल्बमची बाजू मांडायची ती समोर बसून, आणि ती इतरांना पटली तरच तो अल्बम वर चढतो. "लिहून तं कोनीबी शायना होते," तो म्हणतो. "तोंडानं सांग." हा नियम माझ्यासारख्याला जड जातो. याआधीच्या बैठकांत मी चहाच्या ग्लासाकडे पाहत बसलो आणि त्यांचे क्रमांक मान्य करून परतलो.

यंदा मात्र बोलायचे ठरवले होते. शिलाँगच्या 'विंटर टेनंट्स' या चौघांच्या बँडचा 'नॉर्थ रूम' मी पहिल्या क्रमांकावर ठेवला होता. पौर्णिमेने त्याला सहावा दिला होता, विपुलने सातवा. पोळ्या लाटताना मी भिंतीला माझी बाजू ऐकवत असे. पहिल्या क्रमांकाची मला फारशी असोशी नव्हती. त्या अल्बममध्ये मला जे ऐकू येत होते, ते आणखी एका माणसाला ऐकू यावे, एवढेच हवे होते. तेवढ्याने माझी खोली थोडी कमी रिकामी झाली असती.

आलुबोंडे आले. विपुलच्या बोटांना झेंडूचा वास येत होता.

"हं, बोल गोपाल," तो म्हणाला. "सातव्याचा पयला कसा करतं ते पाहू."

मी बोललो, आणि मला स्वतःलाच नवल वाटावे असे बोललो. म्हणालो, हा अल्बम म्हणजे हळूहळू रिकामे होत जाणारे घर आहे. सुरुवातीला 'ऑल द चेअर्स'मध्ये सगळे मिळून गातात, टाळ्या वाजतात. मग गाण्यागणिक एकेक माणूस उठून जातो. कधी ड्रम्स नसतात, कधी दुसरा आवाज नसतो. शेवटच्या 'यार्ड लाइट'मध्ये एक गिटार उरते, तीही थांबते, आणि खोलीतल्या पंख्याची घरघर तेवढी राहते. ती घरघर ऐकताना वाटते, की निरोप घ्यायलादेखील आता कोणी उरलेले नाही.

पौर्णिमेच्या हातातला बोंडा तसाच राहिला होता. क्षणभर मला वाटले, पोहोचले.

"पन गोपाल," ती हलक्या आवाजात म्हणाली, "यार्ड लाइट तं दुसरं गानं हाय."

"शेवटचं आहे."

"शेवटी टाळ्याचं हाय न बावा," विपुल म्हणाला. "म्हनून तं मी सातवा देला. सारे जन मिळून गातेत अन् तू म्हनतं घर रिकामं झालं. दाखव तुहा फोन."

खोलीत नेट धड मिळत नाही, म्हणून मी गाणी विकत घेऊन मेमरी कार्डात भरून ठेवतो. विपुलने माझ्या फोनचा पडदा वर-खाली सरकवला आणि हसत सुटला.

"अबे, हे तं नावाच्या हिशोबानं लागले! ए पासून वाय परेंत! शाळेची हजेरी आयकून राहिला का तू वर्सभर?"

पौर्णिमेला हसू आवरेना. मग माझ्याकडे पाहून तिने ते आवरले आणि स्वतःचे इअरफोन पुढे केले. "खरा क्रम आयक एकदा. आमी थांबतो."

मी ऐकला. यार्ड लाइटमधली ती घरघर आली, आणि तिच्या पोटातूनच पुढच्या गाण्याचे ड्रम्स उसळून वर आले. ज्याला मी सर्वांत मोठे रितेपण समजलो होतो, ते केवळ दम घेणे होते. पुढे एकेक माणूस परत येत गेला. अखेरीस सर्वांनी मिळून टाळ्या वाजवल्या. चांगला अल्बम होता. त्यात मी नव्हतो.

इअरफोन काढले तेव्हा विपुलने दुसरा चहा सांगितला होता. चेष्टा संपली होती.

"तू जो सांगतला न, तो पयल्या नंबरचा हाय," तो म्हणाला. "आपल्या तिघाइच्या समद्या अल्बमाइच्या वर. पन त्याइनं तो बनवलाच नाई, त्याले मी काय करू? आता तूच सांग, याले कितवा देतं?"

"सहावा," मी म्हणालो.

"मंजूर," विपुल म्हणाला, आणि आम्ही पुढच्या अल्बमकडे वळलो.

पौर्णिमेला मावशीकडे अकोल्याला जायचे होते, म्हणून ती विपुलच्या गाडीवर बसून गेली. मी अमरावतीच्या बसमध्ये एकटाच होतो. बाहेर वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या काळ्या जमिनीत उभ्या होत्या. इअरफोन खिशात होते; ते मी काढले नाहीत.

वलगाव मागे पडल्यावर तिचा निरोप आला. 'तुह्या क्रमानं लावून पाह्यलं. नाई जमलं रे. यार्ड लाइट संपलं का मले पुढचे ड्रम्स आपोआप आयकू येतेत. तुले अजून रिकामं आयकू येते का?'

उत्तर ठाऊक करून घेण्यासाठी ते गाणे एकदा लावणे पुरेसे होते.

ते न लावताच मी लिहिले, 'येते.'

'मंग सांभाळून ठेव,' तिने कळवले.

त्यानंतर 'नॉर्थ रूम' मी लावलेला नाही. ना त्यांच्या क्रमाने, ना माझ्या.