दोन ब्रेकची गाडी

मी एक जुनी शिकाऊ गाडी आहे. मित्रांनो, शिकाऊ म्हणजे मी स्वतः काही शिकत नव्हते. ज्यांना गाडी चालवता येत नाही अशी माणसे मला चालवायला घेत आणि मी ते निमूटपणे सोसत असे. क्लच एकदम सोडला की मी टुणकन उडी मारायची, म्हणून गल्लीतल्या पोरांनी माझे नाव 'बेडकी' ठेवले. मला ते मुळीच आवडले नाही. पण नाव ठेवणारे आपल्याला विचारून ठेवत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

कारखान्यातून माझ्याबरोबर निघालेल्या गाड्या चांगल्या चांगल्या घरी गेल्या. मला मात्र थेट एका गॅरेजात नेले आणि शेजारच्या सीटसमोर दुसरा ब्रेक बसवला. दोन्ही ब्रेक एका लोखंडी दांड्याने जोडलेले होते. शिकणाऱ्याचा पाय चुकला की शेजारी बसलेल्या मास्तरांनी आपला ब्रेक दाबायचा आणि मी जागच्या जागी थांबायचे. मास्तर म्हणजे माझे मालक. त्यांच्याकडे बेकरीवाला शिकला, दातांच्या डॉक्टरीणबाई शिकल्या, एक न्यायाधीशही शिकले. चौकात आधी कोणी जायचे याचा न्यायाधीश निकाल लावेपर्यंत मागे ही रांग लागायची. मास्तर डोळ्यांत तेल घालून समोर बघत. दिवस संपला की "गुणाची आहे बेडकी," म्हणून माझ्या टपावर थाप मारत. तेवढ्यापुरते मला ते नावही बरे वाटे.

पुढे मास्तरांचे वय झाले. गाडी शिकवायची शाळा बंद झाली, टपावरची पाटी उतरली आणि तिच्या जागी स्क्रूची भोके तेवढी राहिली. मी दिवसभर धूळ खात उभी राहू लागले. आता मला चालवणारी एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे मास्तरांची लेक. ती जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. रोज सकाळी ती मला चालवत कामावर नेई आणि शेजारच्या सीटवर मास्तर बसत. तिला सोडून ते पायी घरी येत आणि संध्याकाळी पुन्हा तिला आणायला पायीच जात. तिच्याकडे कधीचा परवाना होता, पण मास्तरांशिवाय ती एकदाही माझ्यात बसून रस्त्यावर आली नव्हती.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते. ती त्या दोघांनाही माहीत नव्हती, कारण ब्रेक माझा आहे आणि त्यावर कोणाचा पाय पडतो ते मलाच कळते. सुरुवातीला दोघांचे पाय बरोबरच पडत. मग मास्तरांचा आधी पडू लागला. मग लेकीचा नुसताच टेकू लागला, आणि शेवटी शेवटी तर तिचा पाय ब्रेकवर यायचाच बंद झाला. सिग्नल आला की मी थांबे. तिला वाटे, आपण थांबवली. मास्तरांना वाटे, आपण जरा मदत केली. मला बोलता आले असते तर मी दोघांनाही चांगले सुनावले असते.

त्या सुमारास दवाखान्याला नवी व्हॅन मिळाली. जी जनावरे दवाखान्यापर्यंत आणता येत नाहीत, त्यांच्यापर्यंत औषधे घेऊन जायची, आणि तेही एकटीने. तिथल्या डॉक्टरांनी लेकीला विचारले आणि सोमवारी सकाळपर्यंत उत्तर मागितले. तिला ते काम जिवापाड हवे होते. ती माझ्यात बसून सीटला डोके टेकवून म्हणाली, "बाबा, मला जमेल ना?"

मास्तर म्हणाले, "जमेल की. अजून थोडी तयारी झाली की जमेल."

हे 'अजून थोडी' मी कितीतरी वर्षे ऐकत आले होते. लेकीचा चेहरा पडला.

डॉक्टरांनीच तिला ऑटोस्लॅलम नावाच्या स्पर्धेचे सांगितले. गोदामांच्या मागच्या मोकळ्या मैदानावर काही हौशी मंडळी रविवारी रबरी शंकू मांडतात. त्यांच्यामधून वळणे घेत गाडी न्यायची आणि शेवटी शंकूंच्या चौकोनात, पांढऱ्या रेघेवर बरोबर थांबवायची. शंकूला धक्का लागला तर दंडाचे सेकंद वाढतात. "तिथं चुकलीस तर शंकू पडेल, माणूस नाही," डॉक्टर म्हणाले होते. "जाऊन तर बघ."

जेवणाच्या सुट्टीत ती दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माझ्यात येऊन बसली आणि मोबाईलवर नाव नोंदवू लागली. गाडी कोणती, रंग कोणता, हे तिने भराभर भरले. 'अनुभव' या रकान्यापाशी तिचे घोडे अडले. खूप वेळाने तिने 'नवशिकी' निवडले, डोळे मिटले आणि बटण दाबले. संध्याकाळी घरी जाताना तिने मास्तरांना सांगितले, तेव्हा समोरचा रस्ता अगदी मोकळा होता. तरीही मास्तरांनी करकचून ब्रेक दाबला.

"कशाला ते?" ते म्हणाले. "बरं, जायचंच असेल तर मी बसेन शेजारी."

रविवारी आम्ही मैदानावर पोहोचलो. तिथे चकचकीत गाड्या रांगेत उभ्या होत्या. माझा एक दिवा पिवळट पडलेला, दाराला पोचा आलेला. मला भलताच संकोच वाटला. आधी तपासणी होती. तपासणारा गृहस्थ एरवी फ्रिज दुरुस्त करायचा. त्याने चाकांचे नट हलवून पाहिले, बॅटरी घट्ट आहे ना ते पाहिले आणि माझ्यातल्या सुट्या वस्तू बाहेर काढायला लावल्या. छत्री निघाली, कुत्र्याच्या गोळ्यांचे खोके निघाले, मास्तरांची हरवलेली एक चप्पल निघाली. मग तो शेजारच्या सीटसमोर वाकला आणि तसाच थांबला.

"हा काय प्रकार आहे?"

"दुसरा ब्रेक," मास्तर जरा ऐटीत म्हणाले.

"काका, हा असताना इथं कुणाला बसता येणार नाही. चालवणार त्या, तर थांबवणार पण त्याच. एक तर हा काढा, नाहीतर सीट रिकामी ठेवा."

मास्तरांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी लेकीकडे पाहिले. तिने माझे दार घट्ट धरले होते. पण ती म्हणाली, "सीट रिकामी राहू द्या."

गाडी नेण्याआधी सगळ्यांना तो मार्ग पायी फिरून बघू देतात. ती हातात नकाशा घेऊन शंकूंमधून चालली, वळणांवर तोंडातल्या तोंडात पुटपुटत. मास्तर दोरीपलीकडे जाऊन उभे राहिले. मी मात्र रांगेत थरथरत होते. मित्रांनो, पुढे काय होणार हे त्या मैदानावर फक्त मला ठाऊक होते.

झेंडा पडला. आम्ही निघालो. आणि खरे सांगते, तिचा हात फार सुरेख होता. डावीकडून, उजवीकडून, एकाही शंकूला न शिवता तिने मला वळवले. मलाही वाटू लागले की आपण उगाच घाबरलो. मग सरळ पट्टा आला आणि समोर तो चौकोन दिसू लागला. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. आणि तो पाय तिथेच, अधांतरी राहिला.

चौकोन जवळ आला. तिचा पाय आला नाही. मी वाट बघत होते आणि तीही वाट बघत होती. आम्ही रेघ ओलांडली, शंकू माझ्या पोटाखाली धडाधड आपटले, घड्याळ लावून वेळ मोजणाऱ्या बाई बाजूला पळाल्या. अगदी कुंपणापाशी तिने हँडब्रेक ओढला. मी गचका खाऊन थांबले आणि बंद पडले.

तिने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिले. मग खाली, आपल्या पायाकडे.

मास्तर धावत आले. धावताना ते लंगडत होते. दोरीपलीकडे उभ्या उभ्या त्यांनी उजवा पाय मातीत इतक्या जोराने रोवला होता की बुटाचा तळ सुटला होता.

"लागलं का?"

"मी ब्रेक दाबलाच नाही, बाबा," ती म्हणाली. "मी तुमची वाट बघत होते." तिने किल्ली काढून घेतली. "उद्या डॉक्टरांना नाही म्हणून सांगते. रस्त्यावर असं झालं असतं तर?"

 मास्तर आपल्या सुटलेल्या बुटाकडे बघत राहिले. इतक्या लोकांना शिकवलेला माणूस, पण इतके खजील झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मग ते त्या फ्रिजवाल्याकडे गेले आणि पाना मागून आणला. माझे डावे दार उघडून ते आडवे झाले, डोके आत आणि पाय बाहेर, आणि माझ्या दुसऱ्या ब्रेकचा नट फिरवू लागले. नट गंजलेला होता. पाना दोनदा निसटला, बोटांची साले निघाली. तपासणारा म्हणाला, "काका, सीट रिकामी आहे, आता काढायची गरज नाही."

"गरज आहे," आतून मास्तर म्हणाले.

शेवटी नट सुटला. मला दुखले, नाही म्हणत नाही. तो ब्रेक कारखान्याने दिलेला नसला तरी माझाच होता.

मास्तर लेकीसमोर उभे राहिले. "मी तुला थांबायचं शिकवलंच नाही. चूक तुझी नाही. अजून दोन फेऱ्या आहेत ना? आता कुणाची वाट बघू नकोस."

दुसऱ्या फेरीत तिने इतक्या लवकर ब्रेक मारला की आम्ही रेघेच्या बऱ्याच अलीकडे थांबलो. दंड झाला. कोणीतरी हसलेही. मला मात्र हसू आले नाही. इतक्या वर्षांनी तिचा पाय माझ्या ब्रेकवर पडला होता, जोर सगळा तिचाच.

मग तिसरी फेरी आली. तिने या वेळी वेग धरला. माझे टायर घासू लागले, शेवटच्या वळणावर मागचे चाक किंचित सरकले. तिचा श्वास मला ऐकू येत होता. सरळ पट्टा. चौकोन. ॲक्सिलरेटर सुटला. क्षणभर पुन्हा तोच अधांतरी पाय, आणि माझ्या जिवाचे पाणी पाणी झाले. मग तो आला. आधी हलका, मग ठाम. मी नाक खाली घालून घसरत गेले आणि थांबले. रेघ माझ्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, बरोबर हवी तिथेच होती. एक शंकू डुलला, पण पडला नाही.

नवशिक्यांमध्ये आमचा नंबर खालून दुसरा आला. टाळ्या फारशा नव्हत्या. तिने त्याच जागी उभे राहून डॉक्टरांना फोन केला आणि म्हणाली, "उद्या किती वाजता येऊ?"

निघताना मास्तर सवयीने माझ्या पुढच्या डाव्या दारापाशी आले. हात कडीवर ठेवला, काढला, आणि मागचे दार उघडून आत बसले. लेकीने मला सुरू केले. वाटेत एका वळणावर हातगाडी अचानक आडवी आली. तिने ब्रेक दाबला, मी थांबले, हातगाडी गेली. मागून काहीच आवाज आला नाही म्हणून तिने आरशात पाहिले. मास्तर तोंड उघडे टाकून गाढ झोपले होते. मित्रांनो, गाडी चालू असताना त्या माणसाने आजवर पापणीही नीट लववली नव्हती. त्यांची झोप मोडेल म्हणून घरी पोहोचल्यावरही ती बराच वेळ इंजिन बंद करायला तयार नव्हती.

आता मी थकले आहे. माझ्या चाकांत वेळच्या वेळी हवा भरा, माझे तेल पाहा, हे माझे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे दुसरे आहे. तुम्हाला कोणीतरी जिवाला घोर लावून काहीतरी शिकवत असेल. ते इतके चांगले शिका, की एक दिवस त्या माणसाला मागच्या सीटवर निर्धास्त झोप लागेल.