गजर न झालेली पहाट

मित्रांनो, मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे. डोक्यावर दोन घंटा, पाठीवर दोन चाव्या. आता एक घंटा वाजत नाही.

अणदूरला दूध सोसायटी निघाली, तेव्हा म्हशी पाळणाऱ्या कल्याणप्पांनी मला सोलापूरहून आणलं. सहाला दुधाची गाडी यायची. मी कधी चुकलो नाही, म्हणून घरात माझं फार कौतुक होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. म्हशी गेल्या. विहिरीवर पहाटेच घागरींची रांग लागू लागली. त्याच वर्षी अप्पांची थोरली लेक शिवगंगा मॅट्रिकला होती. सहामाहीत गणित राहिलं, तसा अप्पांनी माझा गजर पाचावरून चारावर आणि चारावरून तीनावर आणला. आधी अभ्यास, मग पाणी, मग शाळा.

एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. मी वाजायच्या आधीच तिचा हात माझी कळ दाबायचा. ती जागीच असायची. पण मला आकडे येतात, शब्द येत नाहीत.

तिची बडबड थांबली. जेवण कमी झालं. अप्पा मात्र सोसायटीत सांगायचे, "आमची गंगा लई शहाणी झाली. तोंडातून शब्द काढत न्हाय."

परीक्षेला पंधरा दिवस होते. दुपारी तिने आपली कंपासपेटी धाकट्या सिद्धम्माला दिली. "ठेव तुला. मला आता लागणार न्हाय."

तिची आई गिरिजाबाई ज्वारी चाळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"परीक्षा तोंडावर, अन् पेटी कशी लागणार न्हाय गं?"

आई तिच्याजवळ सरकून बसली.

"गंगे, जगावंसं वाटंना का तुला?"

ती म्हणाली, "व्हय अव्वा. झोपच लागत न्हाय. सगळं संपावं वाटतंय."

आई रागावली नाही. तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "सांगितलंस, लई बरं केलंस. आता तुला एकटीला सोडत न्हाय मी."

संध्याकाळी आई अप्पांना म्हणाली, "उद्यापासून पाणी तुम्ही आणा."

"बाप्यानं घागर आणायची? लोक हसतील की!"

"हसू द्या. पोरगी हसंना झालीय, ते दिसतंय का तुम्हाला?"

अप्पा खाली बसले. उठले ते माझ्याकडे आले आणि त्यांनीच माझा गजर बंद केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझा गजर पहिल्यांदाच लावलेला नव्हता. विहिरीवर बाया म्हणाल्या, "अप्पा, डोक्यावर घागरीखाली चुंबळ देऊ का?" घरी येऊन अप्पांनीच ते सांगितलं. आईला बिलगून निजलेली शिवगंगा तेव्हा उन्हं आली तरी उठली नव्हती.

एका झोपेने सगळं बरं झालं नाही. सोलापूरच्या डॉक्टरांकडे कितीतरी खेपा झाल्या. परीक्षा तिने ऑक्टोबरात दिली. कंपासपेटी सिद्धम्माने आपणहून परत केली.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी अचानक गप्प झालं, झोपेनासं झालं, आवडीच्या वस्तू वाटू लागलं, तर त्याला शहाणपण समजू नका. जवळ बसा, विचारा, मोठ्यांना सांगा. आणि ते कुणी तुम्हीच असाल, तर मनात ठेवू नका.

गेल्या वर्षी अव्वा गेली. मी आता शिवगंगेच्या उशाशी असतो. दिवसकार्याला सिद्धम्मा आली होती. तेव्हा एका पहाटे गजराआधीच तो ओळखीचा हात माझ्यावर आला. मला ते जुने दिवस आठवले. पण त्या हाताने कळ दाबली नाही. तो शेजारच्या अंथरुणाकडे गेला.

"सिद्धे, ऊठ जरा. झोप लागंना. बस माझ्यापाशी."